लिफ्टपुढच्या तीन पायऱ्या: घर, अपंगत्व आणि कायदा

बडोद्यात भाड्याने घर शोधायला निघालं आणि दलालाला सांगितलं की घरात एक जण व्हीलचेअरवर आहे, किंवा मुलगा ऑटिस्टिक आहे, किंवा बहिणीला स्किझोफ्रेनियाची औषधं चालू आहेत, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, 'मालकाशी बोलून सांगतो'. आणि मग फोन येत नाही. बरं स्वतःच्या मालकीचा फ्लॅट असला म्हणजे सगळं सुरळीत असं पण नाही, तिथे सोसायटी असते, पार्किंगवरून भांडण असतं, रॅम्प करायचा म्हटलं की मीटिंगमध्ये अर्धे लोक छताकडे बघायला लागतात.

मग विचारणा होते की ह्याच्यावर काही कायदा आहे का नाही. आहे, आणि चांगला आहे. फक्त त्याची पकड सगळ्यांवर सारखी नाही, म्हणून आधी एवढं बघायचं की 'नाही' म्हणतंय कोण. मालक, सोसायटी, बिल्डर की सरकारी खातं. आपले लोक सगळी ताकद मालकाशी वाद घालण्यात घालवतात, जिथे कायदा सगळ्यात ढिला आहे, आणि सोसायटीकडे साधा अर्ज सुद्धा करत नाहीत, जिथे तो बऱ्यापैकी घट्ट आहे. मला तरी हे उलटं वाटतं.

कायद्याचं नाव दिव्यांगजन अधिकार कायदा, २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. त्याच्या आधी १९९५ चा कायदा होता त्यात सातच प्रकारची अपंगत्वं होती, आता २१ आहेत, आणि त्यात पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, थॅलेसेमिया, सिकलसेल, ऑटिझम, मानसिक आजार हे सगळं येतं. त्यामुळे 'आमचे बाबा काही अपंग नाहीत हो, पार्किन्सन आहे फक्त' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा, कायद्याच्या हिशोबाने ते आत आहेत.

दुसरा घोळ ४० टक्क्यांचा. ४० टक्के किंवा जास्त असं सर्टिफिकेट लागतं ते आरक्षण आणि योजनांसाठी. भेदभाव करायचा नाही आणि वाजवी सोय द्यायची, ह्या दोन गोष्टींना ४० टक्क्यांची अट नाही. दीर्घकाळ टिकणारी अडचण असली आणि तिच्यामुळे, म्हणजे ती अडचण अधिक समोरची पायरी किंवा नियम, असं मिळून माणूस अडकत असला तर तो कायद्यात बसतो. म्हणजे ३५ टक्केवाल्याला सोसायटीने 'तुमचं सर्टिफिकेट कमी पडतं' असं सांगितलं तर ते चूक आहे. सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) मात्र काढून ठेवाच, त्याशिवाय समोरचा कागद हातात घेत नाही.

आता सोसायटी. इथे जरा सविस्तर सांगतो, कारण खरं रण इथेच माजतं.

कायद्यात 'खाजगी आस्थापना' म्हणजे कोण ह्याची व्याख्या दिलीय, त्यात कंपनी, फर्म, ट्रस्ट ह्यांच्या बरोबरीने सहकारी किंवा इतर सोसायटी आणि असोसिएशन असे शब्द सरळ लिहिलेत. बडोद्यात काही बिल्डिंगी हाउसिंग सोसायटी म्हणून रजिस्टर आहेत, काही सर्व्हिस सोसायटी, काही नुसतं ओनर्स असोसिएशन, पण ह्यातलं काहीही असलं तरी फरक पडत नाही, सगळे त्या व्याख्येत येतात. आणि एकदा आस्थापना म्हटलं की २०१७ च्या केंद्राच्या नियमांतला नियम ३ येतो. तो सांगतो की अपंग माणसाने भेदभावाची तक्रार केली तर सरकारी किंवा वीस वा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी आस्थापनेच्या प्रमुखाने एकतर त्याच्यावर काहीतरी करायचं, नाहीतर लेखी कळवायचं की आम्ही केलं ते योग्य हेतूसाठी आणि प्रमाणात कसं आहे. नुसतं 'कमिटीने नाही म्हटलं' हे उत्तर धरलं जात नाही. वीसपेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या सोसायटीवर हा लेखी उत्तराचा भाग थेट बसत नाही, पण कारण लेखी मागायला काहीच हरकत नाही. आणि त्याच नियमात एक ओळ आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, आणि तिला वीसची अट नाही: वाजवी सोयीचा खर्च, थोडा किंवा पूर्ण, अपंग माणसाला भरायला आस्थापना भाग पाडू शकत नाही.

वाजवी सोय म्हणजे काय तर ह्या माणसाला बाकीच्यांसारखं राहता यावं म्हणून केलेला गरजेचा बदल, समोरच्यावर अवाजवी बोजा न टाकता. हा बदल विटा-सिमेंटचाच असतो असं नाही हे आधी डोक्यात घ्या, कारण निम्म्या गोष्टी फुकट असतात. ज्या बाईंना शंभर पावलं चालवत नाही त्यांना लिफ्टजवळचं पार्किंग द्यायचं आणि दुसऱ्या कोणाला त्यांचं लांबचं द्यायचं, ही नुसती अदलाबदल आहे. कामवाल्यांनी मेन लिफ्ट वापरायची नाही असा (मुळात वाईटच) नियम असेल तर आजोबांची व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला त्यातून सूट द्यायची. ज्या आजी ऐकू शकत नाहीत त्यांना इंटरकॉम ऐवजी मेसेज करायचा. ऑटिस्टिक मुलाला गच्चीवर नेण्यासाठी संध्याकाळची किल्ली द्यायची. ह्याला पैसे लागत नाहीत, कोणीतरी 'मग उद्या सगळेच मागतील' म्हणून अडवतं. सगळे मागत नाहीत हो, आणि मागितलं तरी प्रत्येकाची गरज वेगळी तपासायची असते, कायदा तेच म्हणतो, 'त्या विशिष्ट प्रकरणात' बोजा किती ते बघा.

विटा-सिमेंटचं मात्र नीट गणित करायला लागतं. आपल्याकडे होलो प्लिंथ बिल्डिंगी, खाली पार्किंग आणि पार्किंगमधून लिफ्टकडे जाताना तीन पायऱ्या. हे एवढं नेहमीचं आहे की डोळ्याला दिसत पण नाही. माझ्या काकांच्या बिल्डिंगमध्ये त्या पायऱ्यांच्या कडेला रॅम्प आहे, पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा, जेमतेम पाच फूट लांब. तो व्हीलचेअरसाठी नाहीच, ॲक्टिव्हा चढवून आत लावता यावी म्हणून केलेला आहे, आणि पावसात त्याच्यावरून धडधाकट माणूस घसरतो. कमिटीला विचारलं तर उत्तर, 'रॅम्प तर आहे ना'.

तर हिशोब असा. रॅम्पचा ढाळ एकास बारा, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, त्याला रॅम्प लागतो १८ फूट. पाच फुटात तो केला की ढाळ साधारण एकास सव्वातीन होतो, खुर्ची वर ढकलणाऱ्याची दमछाक आणि उतरताना बसलेला माणूस पुढे तोंडावर. रुंदी किमान १२०० मिमी, वर आणि खाली दीड मीटर सपाट जागा खुर्ची वळवायला, दरवाजा उघडल्यावर मोकळी जागा ९०० मिमी, पार्किंगची जागा ३६०० मिमी रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत, ही मापं केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये आहेत. घरात टेप घेऊन एकदा बाथरूमचं दार मोजा, चौकट अडीच फूट म्हणजे ७६० मिमी, त्यातून दाराची जाडी आणि बिजागरी गेली की व्हीलचेअर अडकतेच.

आणि बडोद्यात ह्यात विश्वामित्री नदी आली. २०१९ आणि मग ऑगस्ट २०२४ चं पाणी बघितल्यावर जो तो प्लिंथ, म्हणजे जोतं, वर घेतोय, आणि त्यात चूक काहीच नाही, पण चार फूट प्लिंथ उचलली की एकास बाराच्या हिशोबाने ४८ फूट रॅम्प झाला, तो सरळ कुठेच बसत नाही, वळवून मध्ये सपाट टप्पे देऊन करायला लागतो, किंवा छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट. म्हणून पूर टाळायला बिल्डिंग उचलताना रॅम्पची जागा त्याच नकाशात धरायला पाहिजे, नंतर जागा निघत नाही. वाडी, रावपुरा अशा जुन्या भागांत, पोळांमधल्या (जुन्या अरुंद गल्ल्यांतल्या) घरांना तर दारात उंच ओटा आणि पुढे लगेच रस्ता, तिथे घडीचा ॲल्युमिनियमचा रॅम्प आणि एक मदतीचा माणूस एवढंच प्रॅक्टिकल.

म्हणजे सोसायटीने प्रत्येक वेळी १८ फूट रॅम्प केलाच पाहिजे का? तर नाही. जागाच नसेल, किंवा १२ फ्लॅटची बिल्डिंग आणि फंडात फार काही नाही, तर 'अवाजवी बोजा' हा मुद्दा खरा असू शकतो. पण मग दुसरा मार्ग शोधायला पाहिजे, मागच्या बाजूचं सपाट गेट उघडं ठेवणं वगैरे. आणि बोजा आहे हे सोसायटीने आकडे देऊन दाखवायचं, नुसतं म्हणून नाही. त्याच वर्षी गेटवर नवीन लाइटिंग आणि नामफलक केला असेल तर बोजाची गोष्ट जरा अवघड जाते सांगायला. जनरल मीटिंगमध्ये बहुमताने 'रॅम्प नको' असा ठराव झाला हे तर उत्तरच नाही माझ्या मते, हक्क बहुमताने मिळालेला नसतो मग बहुमताने जाईल कसा.

अर्ज करायचा तो असा, साधा, एक पानी, आपल्याकडे प्रमुख आणि मंत्री (म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष आणि सेक्रेटरी) दोघांच्या नावाने, गुजरातीत दिला तर अजून चांगलं:

'मा. प्रमुखश्री आणि मंत्रीश्री, मी बी-३०२ मध्ये राहतो. माझ्या आईला पार्किन्सन आहे, यूडीआयडी कार्डाची कॉपी जोडली आहे. पार्किंग ते लिफ्ट ह्या तीन पायऱ्यांमुळे तिला एकटीला ये-जा करता येत नाही. दिव्यांगजन अधिकार कायदा २०१६ आणि २०१७ च्या नियमांतील नियम ३ प्रमाणे वाजवी सोय म्हणून (१) एकास बारा ढाळाचा रॅम्प आणि दोन्ही बाजूंना कठडा, (२) तो होईपर्यंत लिफ्टजवळचं पार्किंग आणि मागचं गेट सकाळी-संध्याकाळी उघडं, अशी विनंती आहे. जमत नसल्यास कारण लेखी कळवावे.'

शेवटचं वाक्य गाळू नका, सगळा जोर त्याच्यात आहे. पोच घ्या, सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून काही होत नाही, तिथे हात जोडलेले दहा इमोजी येतात आणि विषय संपतो. आणि पहिलाच अर्ज भांडणाच्या भाषेत करू नका, राहायचं तिथेच आहे.

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर दिव्यांगजनांसाठीचे राज्य आयुक्त. त्यांच्याकडे तक्रारीला वकील लागतोच असं नाही. त्यांना साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं असे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत, नियमाप्रमाणे तक्रार ६० दिवसांत निकाली काढायची आहे. पण त्यांचा आदेश हा शिफारस असतो, समोरच्या यंत्रणेने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं, नाही मानलं तर का नाही ते कळवायचं. म्हणजे तिथे जाऊन सोसायटीला हातकड्या पडतील असं नाही. तरी प्रत्यक्षात आयुक्तांची नोटीस आली की प्रमुखांना अचानक जागा सापडते. कायदा मोडला म्हणून दंडाचं कलम ८९ आहे, पहिल्यांदा १० हजारांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० हजार ते ५ लाख. आणि कलम ९२ वेगळंच आहे, कोणी चारचौघांत मुद्दाम अपमान करायचा म्हणून अपंग माणसाला बोललं किंवा धमकावलं तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. मीटिंगमध्ये 'ह्या वेड्याला घरात कोंडून ठेवा' असं बोलणाऱ्यांना हे कलम कधीतरी वाचून दाखवावं.

बिल्डरचं थोडक्यात. कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर प्लॅनला मंजुरी नाही आणि पूर्णत्वाचा दाखला पण नाही, म्हणजे आपल्या भाषेत बीयू परमिशन नाही. ऐकायला जबरदस्त, पण घोडं अडायचं ते नियमांवर, कारण नियम १५ मध्ये नुसत्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवलेलं, आणि मार्गदर्शक म्हणजे पाळलं तर पाळलं. राजीव रतुरी ह्यांची याचिका २००५ पासून सुप्रीम कोर्टात होती, त्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला कोर्टाने नियम १५ चा तो भाग कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान गोष्टी सक्तीच्या करणारे नियम तीन महिन्यांत करा असं केंद्राला सांगितलं. तुमच्या कामाची गोष्ट मात्र ह्याहून साधी आहे: बानाखत (विक्रीचा करार) करायच्या आधी मंजूर नकाशा मागा, त्यात रॅम्प दिसतो का बघा. दिसत असेल आणि बांधताना गायब झाला असेल तर रेराचं, म्हणजे बिल्डरांवरच्या रिअल इस्टेट कायद्याचं, कलम १४ आहे, मंजूर नकाशातल्या कॉमन जागा दोन तृतीयांश घेणाऱ्यांच्या लेखी संमतीशिवाय बदलता येत नाहीत. सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना व्हीलचेअरवाल्या माणसालाच घेऊन जा, काय अडतं ते तिथेच कळतं.

आता मालक, म्हणजे ज्याने फोन केला नाही तो. इथे कायदा पातळ आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कलम ३ म्हणतं की अपंगत्वाच्या कारणाने कोणाशी भेदभाव करायचा नाही, पण एकटा माणूस त्याचा एक फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा तो आस्थापना नाही, नियम ३ त्याच्यावर बसत नाही, आणि तो कारण पण सांगत नाही, 'भाचा येणार आहे राहायला' म्हणून मोकळा. भाड्याच्या घरात भेदभाव नको असा सरळ, स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. खाजगी लोकांनी आपल्यात कोणाला घ्यायचं ह्याबाबत कोर्टंही हात राखून असतात, २००५ मध्ये अहमदाबादच्या पारशी हाउसिंग सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने फक्त पारशीच सभासद हा उपनियम चालू ठेवला होता. ती गोष्ट धर्माची होती आणि २०१६ च्या कायद्याच्या आधीची, त्यामुळे अपंगत्वाला ती जशीच्या तशी लावता येणार नाही, पण हवा कशी आहे ते कळतं.

पण फरक असा की बऱ्याच वेळा मालक तयार असतो आणि सोसायटी 'असल्या पेशंटला' एनओसी देत नाही. मग तुम्ही परत वरच्या रस्त्यावर आलात, सोसायटी आस्थापना आहे. मानसिक आजाराच्या बाबतीत तर २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा कलम १९ मध्ये सांगतो की अशा माणसाला समाजात राहायचा, वेगळं न काढलं जायचा हक्क आहे. 'लहान मुलं आहेत बिल्डिंगमध्ये' हे कारण नाही, भीती आहे.

मालक तयार असला तर भाडेकरारात दोन ओळी टाकून घ्या: बाथरूममध्ये पकडायला दांडे आणि दारात सुटा रॅम्प लावायला परवानगी, आणि जाताना भिंती होत्या तशा करून देऊ. मालकांना अपंगत्वाची नाही, टाइल्सला भोकं पडायची काळजी असते, आणि ती अशी सुटते.

अमेरिकेतली पोरं फोनवर सांगतात की 'इकडे असं चालत नाही'. बरोबर आहे, तिकडे फेअर हाउसिंग ॲक्ट १९६८ चा, अपंगत्व त्यात १९८८ मध्ये आलं, आणि तो थेट घरमालकाला लागतो, त्यात नियमांत सूट मागता येते, मदतीचा कुत्रा 'नो पेट्स' मध्ये धरता येत नाही. पण तिकडेही खाजगी घरात तोडफोडीचे बदल करायचे तर खर्च साधारणपणे भाडेकरूचाच, आणि मालक स्वतः राहतो अशा चार घरांपर्यंतच्या छोट्या बिल्डिंगला बरीच सूट आहे. म्हणजे खर्चाच्या बाबतीत आपल्या नियम ३ ची ओळ कागदावर तरी जास्त उदार निघते, हे त्या पोरांना सांगा.

राहिलं सरकार. कलम ३७ प्रमाणे सरकारी घरांच्या योजनांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना ५ टक्के आरक्षण, त्यात बायकांना प्राधान्य. पंतप्रधान आवासच्या शहरी योजनेत अपंग आणि ज्येष्ठ असलेल्या कुटुंबाला शक्यतो तळमजला किंवा खालचा मजला द्यावा असं लिहिलेलं आहे. पण ड्रॉमध्ये नाव लागलं आणि चौथा मजला आला की लोक नशीब म्हणून गप्प बसतात. फॉर्म भरतानाच अपंगत्वाचा रकाना भरायचा, सर्टिफिकेट जोडायचं आणि तळमजल्याची मागणी वेगळ्या कागदावर लिहून सही-शिक्क्याची पोच घ्यायची, आणि तरी वरचा मजला लागला तर ताबा घ्यायच्या आधी बदलीचा अर्ज, कारण एकदा किल्ली घेतली की 'तुम्ही मान्य केलंत ना' हेच ऐकायला मिळतं.